कोल्हापूरला चाललं, नाशिकला अडलं

प्रश्न: ताई, मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय, शेवटचं वर्ष. प्रकल्प आहे तालुकावार मासिक पावसाचा. प्रत्येक तालुक्याची वर्षभराची मासिक सरासरी काढायची आणि कुठल्या महिन्यात पाऊस त्या सरासरीच्या किती वर-खाली गेला ते दाखवायचं. आमच्या सरांकडे आर भाषेतला जुना कोड होता, तो मी ओळीला ओळ ठेवून पायथनमध्ये, नमपाय (आकड्यांच्या तक्त्यांसाठीची लायब्ररी) वापरून लिहिला. कोल्हापूरच्या आकड्यांवर तो झकास चालला. पहिला आणि शेवटचा आकडा कॅलक्युलेटरवर तपासला, बरोबर आला. अख्ख्या तक्त्याची बेरीजही शून्य आली, म्हणजे ते गणितही जुळलं. मग तोच कोड नाशिकवर चालवला तर लाल अक्षरात "ऑपरंड्स कुड नॉट बी ब्रॉडकास्ट टुगेदर विथ शेप्स (१५,१२) (१५,)". सरासरी ट्रान्सपोज करून बघितली, ढिम्म फरक नाही. रूममेट म्हणते, रीशेप कर, एरर जाईल. खरंच जाते. पण मनात धाकधूक आहे. नाशिकच्या डेटात काय बिघडलंय? पुढच्या आठवड्यात सरांना मसुदा द्यायचाय.
— नाशिकवर अडलेली

उत्तर: ताई म्हणालीस, म्हणून एकेरीवर येते.

नाशिकच्या डेटात काहीही बिघडलेलं नाही. चूक कोल्हापूरच्या तक्त्यात आहे. नाशिकने तुला वेळेवर हटकलं. कोल्हापूरने हसतमुखाने चुकीचं उत्तर हातावर ठेवलं आणि वर तुझ्या तिन्ही तपासण्याही पास केल्या. त्या का पास झाल्या, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात सुरस भाग आहे. पण आधी एरर.

नमपायमध्ये प्रत्येक ॲरेला, म्हणजे आकड्यांच्या माळेला किंवा तक्त्याला, आकार असतो. नाशिकचे तालुके १५, महिने १२, म्हणून तुझा तक्ता (१५, १२). ॲक्सिस १ देऊन सरासरी घेतलीस तेव्हा महिन्यांचा अक्ष संपला आणि १५ सरासऱ्यांची एक माळ हाती आली. तिचा आकार (१५,). तो स्वल्पविराम आणि त्याच्यापुढची मोकळी जागा नीट बघ. ही ओळ नाही आणि स्तंभही नाही. तिला एकच मिती आहे, आडवं-उभं हा प्रकारच नाही. म्हणून ट्रान्सपोज करून काही झालं नाही. ट्रान्सपोज अक्षांची अदलाबदल करतो. अक्ष एकच असेल तर तो कोणाशी बदलायचा?

आता (१५, १२) मधून (१५,) वजा करायचे, तर छोट्याला ताणून मोठ्याएवढं करावं लागतं. यालाच ब्रॉडकास्टिंग म्हणतात. ते कसं करायचं याचा नियम तू तिसरीत शिकलीस. बेरीज मांडताना एककाखाली एकक येतो, म्हणजे आकडे उजवीकडून जुळवतो. नमपाय आकारही तसेच मांडतो:

१५   १२
     १५

एकेका स्थानी दोन्ही आकडे सारखे हवेत, नाहीतर त्यातला एक १ हवा. डावीकडे जागा रिकामी राहिली तर तिथे १ धरायचा. इथे उजव्या स्थानी १२ खाली १५ आले. सारखे नाहीत, कुणी १ पण नाही. खेळ खलास, एरर. तुझ्या डोळ्यांना १५ आणि १५ जुळताना दिसतात, कारण तू अर्थाने बघतेस: हेही तालुके, तेही तालुके. नमपायला तालुका ठाऊक नाही. त्याला स्थान ठाऊक आहे.

आता कोल्हापूर मांड. आजऱ्यापासून शिरोळपर्यंत बरोब्बर १२ तालुके. महिने १२.

१२   १२
     १२

जुळलं! नमपाय खूश. पण वरचा उजवा १२ महिन्यांचा आणि खालचा १२ तालुक्यांचा. एका नावाची दोन माणसं, म्हणून एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात पडलं, तसलाच प्रकार. पहिल्या तालुक्याची सरासरी सगळ्या तालुक्यांच्या जानेवारीतून वजा झाली, दुसऱ्याची फेब्रुवारीतून, आणि असंच पुढे. तुझी फाइल इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने असेल (सहसा असतेच), तर पाचवा नंबर गगनबावड्याचा. म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्यात धो-धो तालुक्याची सरासरी तू बाराही तालुक्यांच्या मे महिन्यातून वजा केलीस. तुझ्या तक्त्यात मे महिन्यात जिल्हाभर भयंकर तूट दिसत असणार. मसुद्यात त्यावर एखादा परिच्छेदही लिहून झाला असेल, असं मला उगाच वाटतंय.

तीनच तालुके आणि तीनच महिने घेऊन हे हाताने करून बघ. आकडे मी मनाचे घेतलेत, सोपे पडावेत म्हणून. जून, जुलै, ऑगस्ट या क्रमाने गगनबावडा ९००, १८००, १२००, सरासरी १३००. करवीर २००, ४००, ३००, सरासरी ३००. शिरोळ ८०, १२०, १००, सरासरी १००. सगळं मिलिमीटरमध्ये.

शिरोळचं खरं उत्तर काय यायला हवं? उणे २०, अधिक २०, शून्य. तुझा कोड काय देतो? ८० मधून १३०० गेले, उणे १२२०. १२० मधून ३०० गेले, उणे १८०. १०० मधून १०० गेले, शून्य. ऐंशी मिलिमीटर पाऊस पडला आणि तूट बाराशे वीसची! शिरोळला तसंही दुसऱ्याच्या पावसाचं पाणी भोगायची सवय आहे. पाऊस पडतो घाटमाथ्यावर आणि पूर येतो नृसिंहवाडीला. पण तक्त्यातही तेच व्हावं म्हणजे कमाल झाली.

उरलेल्या दोन ओळीही काढ. गगनबावडा: उणे ४००, अधिक १५००, अधिक ११००. करवीर: उणे ११००, अधिक १००, अधिक २००. आता नऊही आकड्यांची बेरीज कर. गगनबावडा अधिक २२००, करवीर उणे ८००, शिरोळ उणे १४००. एकूण शून्य.

दिसलं ना? अख्ख्या तक्त्याची बेरीज चुकीच्या उत्तरातही शून्यच येते. तक्ता चौरस आहे, त्यामुळे योग्य रीतीने वजा केलंस काय आणि भलत्याच स्तंभातून वजा केलंस काय, एकूण वजाबाकी तेवढीच राहते: प्रत्येक सरासरी तीन-तीनदा, कोल्हापुरात बारा-बारादा. नुसती वाटणी चुकते. घरखर्चाची एकूण रक्कम जुळली म्हणून किराण्याचे पैसे दूधवाल्याला गेले नाहीत असं थोडंच आहे!

आणि तू तपासलेला पहिला आणि शेवटचा आकडा? गगनबावड्याचा जून बघ: उणे ४००, बरोबर. शिरोळचा ऑगस्ट: शून्य, बरोबर. मधला करवीरचा जुलैही बरोबर. कर्णावर पहिल्या तालुक्याला पहिला महिना भेटतो, दुसऱ्याला दुसरा, म्हणून तिथे योगायोगाने ज्याची सरासरी त्यालाच मिळते. तुझ्या कोल्हापूरच्या १४४ खणांपैकी फक्त १२ खण बरोबर असण्याची खात्री आहे आणि ते सगळे त्या कर्णावर. चार कोपऱ्यांपैकी तू नेमके ते दोन निवडलेस जे कर्णाचीच दोन टोकं आहेत. तपासायला माणूस साहजिकच पहिला आणि शेवटचा घेतो, मीही तेच घेतले असते. म्हणून तुला बोल लावत नाही. पण यापुढे कर्णावरून खाली उतरून तपास. शिरोळचा जून घेतला असतास तर पहिल्या मिनिटात उजेड पडला असता.

खरी कसोटी वेगळीच होती: बेरीज ओळीची घ्यायची. प्रत्येक तालुक्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनच्या वर-खालीची बेरीज त्या त्या ओळीत शून्य आलीच पाहिजे, कारण सरासरीची व्याख्याच ती. वर शिरोळची ओळ उणे १४०० देते. अख्खं वर्ष स्वतःच्याच सरासरीच्या खाली गेलेला तालुका असूच शकत नाही. संगणकावर तंतोतंत शून्य येणार नाही, दशांशानंतर बारा-तेरा शून्यं आणि मग काहीतरी शेपूट येईल. तेवढं चालतं. ऑलक्लोज नावाचं फंक्शन त्याचसाठी आहे.

सरांच्या कोडला दोष देऊ नकोस हं. तो आरमध्ये बरोबरच होता. आर मॅट्रिक्स साठवतं स्तंभास्तंभाने आणि लहान माळ पुरली नाही की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. १५ ओळींच्या मॅट्रिक्समधून १५ सरासऱ्यांची माळ वजा केली, की पहिला स्तंभ उतरता उतरता माळ संपते, दुसऱ्या स्तंभाला पुन्हा पहिली सरासरी पहिल्या तालुक्यासमोर. म्हणजे ओळींच्या सरासऱ्या नुसत्या वजा करणं हा आरमधला रुळलेला रस्ता आहे. आरची खोड दुसऱ्या बाजूला. महिन्यांच्या १२ सरासऱ्या त्याच १५ गुणिले १२ च्या मॅट्रिक्समधून तशाच वजा केल्यास तर १८० ला १२ ने भाग जातो, म्हणून ते एक शब्द न बोलता चुकीचं उत्तर देईल. भाग गेला नसता तर निदान वॉर्निंग मिळाली असती.

त्यामुळे ओळीला ओळ ठेवून भाषांतर केलंस तिथेच घात झाला. ॲरेंच्या भाषांमध्ये वजाबाकीचं चिन्ह एकच दिसतं, पण आकार जुळवायचा रिवाज घरोघरी वेगळा. या सगळ्यांचं मूळ घर म्हणजे एपीएल. केनेथ आयव्हर्सन यांचं १९६२ सालचं पुस्तक 'अ प्रोग्रामिंग लँग्वेज', त्याच्याच नावावरून भाषेला हे नाव पडलं. एपीएल कडक शिस्तीची आहे. एकटा आकडा हवा तिथे पसरवून देते, पण मॅट्रिक्समधून माळ वजा करायला गेलीस तर सरळ "रँक एरर" देते: मित्या वेगळ्या आहेत, कोणत्या अक्षावर ते तू सांग. तिने कोल्हापूरलाही अडवलं असतं. त्याच आयव्हर्सननी रॉजर हुई यांच्याबरोबर १९९० च्या सुमारास 'जे' (J) नावाची भाषा केली, तिथे आकार डावीकडून जुळवतात. (१५, १२) आणि (१५) हे 'जे'मध्ये बिनबोभाट जुळतात आणि उत्तरही तुला हवं तेच येतं. म्हणजे एकच वजाबाकी: एपीएल दोन्ही जिल्हे अडवणार, आर आणि 'जे' दोन्ही बरोबर सोडवणार, आणि नमपाय एक अडवणार, एक चुकवणार. माझं मत विचारशील तर एपीएलचा खडूसपणा मला आवडतो. पण जग नमपायवर चालतं, तेव्हा त्याच्या रिवाजाने वागायचं.

त्याच्या रिवाजात दुरुस्ती एवढीशी आहे. सरासरी घेताना कीपडिम्स हा पर्याय ट्रू ठेव. मग महिन्यांचा अक्ष नाहीसा होत नाही, आकसून १ होतो. आकार येतो (१५, १):

१५   १२
१५    १

डावीकडे १५ ला १५, उजवीकडे १ आहे तो ताणला जाऊन १२ होतो. प्रत्येक तालुक्याची सरासरी त्याच्याच ओळीत आडवी पसरते. कोल्हापूरला हीच मांडणी (१२, १) होते आणि तिथेही अर्थ चुकत नाही. सरासरी आधीच काढून ठेवली असेल तर न्यूॲक्सिस वापरून तिला उभी कर, नाहीतर रीशेप(-१, १) कर. दोन्हींचं फळ एकच.

रूममेटच्या रीशेपचं मात्र सांगते, कारण ते सगळ्यात घातक आहे. मी वर माळेला रीशेप करायला सांगितलं, ती तक्त्यालाच करायला सांगतेय असं दिसतं, (१५, १२) चा (१२, १५). एरर नक्की जाईल, कारण आता उजवीकडे १५ खाली १५ येतात. पण रीशेप काही फिरवत नाही. तो सगळे आकडे ओळीने सलग वाचतो आणि नव्या साच्यात सलग ओततो. नव्या पहिल्या ओळीत १५ खण आहेत. त्यात आधी बागलाणचे बारा महिने बसतील आणि उरलेल्या तीन खणांत चांदवडचे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. दुसरी ओळ चांदवडच्या एप्रिलपासून. पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखं होईल आणि उत्तर तर येईलच! याउलट तक्ता ट्रान्सपोज केलास तर आकार तोच (१२, १५) येतो, पण महिने खरोखर ओळींत आणि तालुके स्तंभांत जातात. मग सरासरीची माळ बरोबर बसते आणि उत्तर पुन्हा ट्रान्सपोज करून परत आणता येतं. बाहेरून दोन्ही (१२, १५). म्हणून आकार जुळला की काम झालं असं धरून चालू नकोस. रूममेटला माझा नमस्कार सांग आणि तो कोड पुसून टाक.

या गप्प चुकीचा आणखी एक अवतार आहे, तो तुला पुढे मॉडेल करताना भेटेलच. मला भेटला होता. कांद्याच्या भावाचा अंदाज बांधणारं एक छोटं मॉडेल करत होते. न म्हणजे नोंदींची संख्या धर. खरे भाव (न, १) आकाराचे, मॉडेलचे अंदाज (न,) आकाराचे. वजाबाकी केली, वर्ग केला, सरासरी घेतली. एरर नाही, आकडा छान आला. आता ते मांडून बघ: उजवीकडे १ खाली न, डावीकडे न खाली रिकामं, म्हणजे १. दोन्हीकडे ताणाताण होऊन न गुणिले न चा तक्ता होतो, प्रत्येक खऱ्या भावातून प्रत्येक अंदाज वजा. मॉडेल दोन दिवस शिकत होतं आणि सोमवार असो की शनिवार, भाव एकच सांगत होतं: सगळ्या भावांची सरासरी. बिचाऱ्याचं बरोबर होतं. प्रत्येक अंदाज सगळ्याच भावांशी ताडून बघितला जाणार असेल तर सर्वांत शहाणं उत्तर सरासरी हेच. मी मात्र दोन दिवस मॉडेललाच नावं ठेवली. डेटा थोडका होता म्हणून कळायला उशीर झाला. ५०,००० नोंदी असत्या तर २५० कोटी खणांचा तक्ता झाला असता, आठ बाइटच्या हिशोबाने २० जीबी, आणि लॅपटॉपनेच मान टाकली असती. कधी कधी मशीन छोटं असलेलं बरं.

तुझ्या कोडमध्ये आता काय घालायचं? सरासरी काढली की लगेच खाली एक असर्ट (अट खोटी ठरली की कोड तिथेच थांबवणारी ओळ): सरासरीचा आकार (तालुके, १) आहे का. उत्तराच्या आकारावर असर्ट लावून उपयोग नाही, कोल्हापूरचं चुकीचं उत्तरही (१२, १२) च होतं. त्यानंतर ओळींच्या बेरजांची शून्याशी तुलना. आणि कोड पहिल्यांदा चालवशील तो कधीही चौरस तक्त्यावर नको. ३ तालुके आणि ४ महिन्यांचा खेळण्यातला तक्ता कर, म्हणजे तीन आणि चार एकमेकांच्या जागी बसूच शकणार नाहीत. पुढेमागे वर्षांचा तिसरा अक्ष येणार असेल तर एक्सॲरे ही लायब्ररी बघून ठेव. तिथे अक्षांना नावं देता येतात, तालुका, महिना, वर्ष, आणि जुळणी त्या नावांनी होते. या प्रकल्पासाठी ती लागणार नाही.

सरांना आजच सांग, आठवडाभर थांबू नकोस. "आरमधून आणताना अक्ष बदलला, कोल्हापूरचा तक्ता पुन्हा काढतेय" एवढं पुरे. जुनी फाइल पुसू नकोस, सर बहुधा मागतील. नवा तक्ता आला की आधी शिरोळची ओळ बघ, मग मे महिन्याचा स्तंभ. मेवर परिच्छेद लिहिला असशील तर तो काढावा लागेल.